पानगळीतली संध्याकाळ आणि पानांचे ठसे

आज संध्याकाळी तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत गळलेल्या पानांचे ठसे घेतले. पान कडक वाळलेलं नको, दाबताच चुरा होतो. नुकतंच गळलेलं घ्या आणि रात्रभर वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकाखाली ठेवा. शिरा उठून दिसतात ती बाजू वर, त्यावर पातळ कागद. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला चिकटवाच. लहान हातांनी कागद सरकतो आणि ठसा दुहेरी उमटतो. मेणखडूवरचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा, टोकाने घासलं तर कागद फाटतो. एकेक शीर उमटताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात! मग तीनच पानं लहान-मोठी क्रमाने लावायला द्या. सात-आठ दिली की या वयात हमखास गोंधळ होतो.