आमची वाटचाल: लायनरपासून ट्रेलरपर्यंत

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एकच काम होतं, ब्रेकच्या शूला लायनर मारायचं. शू म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणारी लोखंडी कमान, आणि लायनर म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर. जुनं लायनर तोडायचं, शू घासून साफ करायचा, नवं लायनर बसवून मधल्या रिबिटपासून दोन्ही कडांकडे ठोकत जायचं. कडेपासून सुरुवात केली की लायनर मध्ये फुगून राहतं. जागा लहान, यंत्र एक, आणि गिऱ्हाइकं म्हणजे दुसरी गॅरेजं. ती शू पोत्यात भरून पाठवायची, आम्ही लायनर मारून परत द्यायचो. गाडी कधी समोर यायचीच नाही. आज आमचं बहुतेक काम ट्रेलरचं आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांचं आहे, आणि पोत्यातून आलेला सुटा शू आम्ही घेत नाही.

सुटे शू बंद करायचं ठरलं ते तक्रारींमुळे. एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच पेटीतलं लायनर मारलेले चार शू. त्यातले तीन नीट चालायचे आणि चौथा महिन्याभरात झिजून रिबिटवर यायचा. गॅरेजवाला म्हणायचा, तुमचं लायनर कच्चं. लायनर कच्चं असतं तर चारही गेले असते. मग आम्ही शूबरोबर ड्रमही मागवायला लागलो आणि कारणं दिसायला लागली. कुठे ड्रम अंडाकृती झालेला, कुठे आत खोल चरे पडलेले, कुठे ऑइल सील गळून लायनर ग्रीस प्यायलेलं. ड्रम मागवला तरी व्हील सिलेंडर, म्हणजे शू बाहेर ढकलणारा भाग, गाडीतच राहायचा. त्याचा पिस्टन गंजून अडकला असेल तर पेडल सोडलं तरी शू ड्रमला घासत राहतो. शेवटी गाडीच आणा म्हणायला लागलो. निम्मी गॅरेजं तुटली. ज्यांच्या गाड्या आल्या, त्यांच्या तक्रारी मात्र बंद झाल्या.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कायमची बंद केली: ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवणं. त्या काळच्या पुष्कळ लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात गेलं की आजार दिसायला कित्येक वर्षं लागतात, आणि तो बरा होत नाही. आता लायनर बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं म्हणून विकलं जातं, तरी आमच्याकडे ड्रम आधी ओला करूनच पुसतात. नव्या पोराला हे सांगावं लागतं आणि जुन्या मिस्त्रीला परत परत सांगावं लागतं.

गाड्या यायला लागल्यावर कळलं की लोकांना ब्रेक म्हणजे पॅड आणि लायनर एवढंच माहीत असतं. ब्रेक ऑइल हा त्यांच्या लेखी वरून भरायचा पदार्थ. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबतो. पॅड झिजतात तसा त्याचा पिस्टन पुढे सरकतो आणि डब्यातली पातळी खाली जाते. म्हणजे पातळी उतरली की आधी पॅड बघायचे, नंतर गळती शोधायची, आणि मग बाटलीला हात लावायचा. होतं नेमकं उलटं. डबा काठोकाठ भरून दिला जातो, आणि झीज झाल्याची खूण पुसली जाते.

नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट हे त्याच्या दर्जाचं नाव. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर, डॉट ५.१ ची २६० वरून १८० वर. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, जुनं ऑइल वर्षानुवर्षं निभावून नेतं. लांब उतारावर ते उकळतं, पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फळीला टेकतं. पाऊण तासाने ऑइल थंड झालं की पेडल पुन्हा कडक. अशी गाडी आमच्याकडे आली की चालकाचं वाक्य ठरलेलं: "मालक, आता लागतोय की! कशाला खोलायचं?" त्याचं खोटं नसतं, आता खरंच लागतो. म्हणूनच या दोषाइतका घातक दोष दुसरा नाही. तपासायला गाडी उभी केली की तो सापडत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या बाकीच्यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ हे आकडे शेजारी शेजारी असल्यामुळे घोटाळा होतो, म्हणून आमच्या कपाटात डॉट ५ ठेवलेलंच नाही.

ट्रेलरच्या कामात आम्ही ठरवून उतरलो नाही. काही गाड्या पुन्हा पुन्हा एकाच दुखण्याने येत होत्या. पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत, डिस्कवर निळे डाग, पुढच्या हबमधलं (चाकाच्या मध्यातल्या भागातलं) ग्रीस पातळ होऊन बाहेर. कॅलिपर मोकळे, पाइप ठीक, मास्टर सिलेंडर नवा. दोष मिळेना. माझ्या भागीदाराने एका चालकाला सहज विचारलं, "मागे काय लावता?" तो म्हणाला, "ट्रॉली. पण ती आज घरी आहे." अशा सगळ्यांना विचारत गेलो, आणि बहुतेकांची ट्रॉली घरीच होती!

हिशेब साधा आहे. गाडी १५०० किलोची, मागे १००० किलोची बिनब्रेकची ट्रॉली. गाडीचे ब्रेक १५०० किलोसाठी बनलेले, त्यांना थोपवायचेत २५०० किलो. तेवढ्याच जोराने ब्रेक लागला तर थांबायला अंतर दोनतृतीयांशाने जास्त लागणार. वेग दुप्पट केला तर जिरवायची ऊर्जा चौपट. आणि उतार? ही जोडी ३०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात वीस लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. त्यातला काही भाग हवेचा आणि टायरचा विरोध घेतो. उरलेली इंजिनने घ्यायची असते, खालच्या गिअरमध्ये. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक ती सगळी चार चाकांच्या पॅडवर टाकतो.

तेव्हापासून ट्रेलर जोडून आणल्याशिवाय तक्रार ऐकायची नाही असं ठरलं. पहिल्या काही महिन्यांत जे बघायला मिळालं, त्याने आमचाच समज बदलला. ट्रेलरला ब्रेक होते, पण रिव्हर्स घेताना धरतात म्हणून दोरी बांधून ठेवलेले. हे ओव्हररन ब्रेकचं नेहमीचं. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दांडा आत जातो आणि केबल ओढून शू उघडतो. मागे घेताना रेटा तसाच येतो, त्यामुळे जुन्या बनावटीचे ब्रेक धरून बसतात. नव्यांत रिव्हर्सला शू आपोआप सैल पडण्याची सोय असते. ती गंजली की चालक दोरी बांधतो. विजेच्या ब्रेकमध्ये ड्रमच्या आत लोहचुंबक असतो, तो झिजतो, वायरचे सांधे गंजतात. इकडे गाडीतला कंट्रोलर दिवा दाखवतो आणि तिकडे चाकात करंटच पोचत नाही. त्यामुळे आम्ही दिव्यावर विश्वास ठेवत नाही, प्रत्येक चाकाशी करंट मोजतो.

जड गाड्यांच्या एअर ब्रेकचं शास्त्र वेगळं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा पाइपात हवा सोडली की ब्रेक लागायचा. पाइप तुटला की ब्रेक गेला. पुढे १८७२ च्या सुमारास त्याने ते उलटं केलं: पाइपात दाब कायम ठेवायचा, दाब उतरला की ब्रेक लागायचा. डबा तुटून सुटला तर तो स्वतःच थांबतो. ट्रेलरच्या लाल पाइपात आजही तीच कल्पना आहे. हा पुरवठ्याचा पाइप तुटला की ट्रेलर आपल्या टाकीतल्या हवेने ब्रेक लावून घेतो. दुसऱ्या पाइपातून चालकाच्या पायाचा हुकूम जातो. नवीन हेल्परला आम्ही पाना हातात देण्याआधी लाल पाइप काढायला लावतो आणि ट्रेलरची चाकं कशी जखडतात ते बघायला लावतो. एकदा बघितलं की कॉक बंद करून, नळी वाकवून "तात्पुरतं" चालवणं किती वाईट, हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच कामात दोन गोष्टींवर आमचं गिऱ्हाइकांशी कायम वाजतं. पहिली, ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टर. लायनर झिजेल तसं शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप कमी ठेवणारा हा भाग. तो सैल सापडला की चावीने टाइट करून द्या म्हणतात. जो स्वतःहून टाइट व्हायला हवा तो झाला नाही, म्हणजे तो तरी बिघडलाय, नाहीतर चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा), कॅमचा (शू उघडणाऱ्या दांड्याचा) बुश असं काही तरी. हाताने टाइट केलं की दोन दिवस बरं चालतं आणि खरा दोष झाकला जातो. दुसरी, पुढचे ब्रेक मुद्दाम सैल ठेवणं. पुढचा ब्रेक जोरात लागला तर गाडी हातातून जाते, हा समज चालकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, पुढच्या टायरची पकड वाढते, आणि नेमके तेच ब्रेक काढून टाकले की सगळा भार मागच्यांवर. ट्रक आणि ट्रेलर घडी होऊन एकमेकांवर येतात ते ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं जखडल्यावर. ट्रेलरची चाकं जखडली तर ट्रेलर बाजूला झोकांडतो. शिवाय हवेला मागपर्यंत पोचायला वेळ लागतो. ताशी ८० किलोमीटरला अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून आम्ही नुसता जोर बघत नाही, कोणतं चाक कधी धरतं तेही बघतो.

स्प्रिंग ब्रेकचा, म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने लागणाऱ्या ब्रेकचा, चेंबर मात्र आमच्याकडे कुणीही खोलत नाही. आत दाबलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. बोल्ट लावून ती बांधायची आणि चेंबर अख्खा बदलायचा. दुरुस्त करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जा म्हणूनही मी सांगत नाही.

ब्रेकनंतर जोडणीकडे वळलो, कारण ब्रेक चांगले करून दिलेला ट्रेलरही रस्त्यावर शेपूट हलवतो अशी तक्रार आली. त्यात ब्रेकचा संबंध नव्हता, वजन मागे भरलेलं होतं. हूकवर येणारा भार अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात, युरोपातल्या हलक्या ट्रेलरना ५ ते ७ टक्के. दोन्हीकडे हूकवर आणि गाडीच्या पुस्तकात दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. भार कमी पडला की ट्रेलर डोलायला लागतो आणि वेगाबरोबर ते वाढत जातं. अशा वेळी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीचा ब्रेक दणकन मारायचा नाही. ट्रेलरचा ब्रेक हाताने वेगळा लावता येत असेल तर तेवढाच हळू लावायचा. वेग वाढवून ट्रेलर "ताणून सरळ" करायचा सल्ला आजही ऐकू येतो. तो देणाऱ्याने स्वतः एकदा तरी करून बघितला असेल का, याची मला शंका आहे.

जोडणीत आता आम्ही ट्रेलर ज्यावर अडकतो त्या बॉलची झीज मोजतो. ५० मिलिमीटरचा बॉल ४९ वर आला की बदलायचा. साखळ्या ड्रॉबारखाली (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली) फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे हूक सुटला तर दांडा त्यांच्यात अडकतो, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल साखळीला किंवा बॉलला गुंडाळायची नाही, गाडीच्या सांगाड्याला वेगळी अडकवायची. ट्रॅक्टरवाल्यांना एक गोष्ट हमखास सांगतो: शेतात वळायला डावं आणि उजवं पेडल सुटं ठेवता ते ठीक, रस्त्यावर येताना दोन्हींमधली खिट्टी लावा. मागे भरलेली ट्रॉली असताना एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागीच फिरतो.

या सगळ्याने धंदा वाढला की घटला, असं विचारतात. सुरुवातीला घटला. ट्रेलरचे ब्रेक चालत नसतील तर नुसते गाडीचे पॅड बदलून द्यायचे नाहीत, असा नियम केला तेव्हा बरेच जण शेजारच्या गॅरेजात गेले. आमच्यातच वाद झाला. भागीदार म्हणत होता, पॅड मागायला आलेल्याला पॅड विकावेत, उपदेश कशाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण गाडी दुसरीकडून तशीच रस्त्यावर जात होती. मधला मार्ग निघाला तो वाहतुकीच्या कंपन्यांमुळे. त्यांना गाडी उभी राहण्याचा खर्च कळतो, जळालेल्या ड्रमची आणि टायरची बिलं त्यांच्याच टेबलावर येतात. त्यांच्या गाड्या ठरलेल्या वेळी यायला लागल्या आणि सुटं काम नाकारणं परवडायला लागलं. एकेकट्या ट्रॉलीवाल्यासाठी अजूनही आमच्याकडे चांगलं उत्तर नाही.

कामाची पद्धत आता अशी आहे. चाक काढलेल्या प्रत्येक गाडीवर दोन सह्या, एक काम करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. चाकाचे नट टॉर्क पान्याने, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासायला परत बोलावणं. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे पॅड एकत्रच बदलणं. जोडलेल्या गाडीची हवेची गळती: इंजिन बंद, पेडल दाबून धरलेलं, पेडल दाबताच होणारी पहिली घट सोडून, दाब मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त पडता कामा नये. आणि फेरी मारून आल्यावर प्रत्येक हबचं तापमान. एक हब बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललंय. फार थंड असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाहीये. थंड हबकडे लोक दुर्लक्ष करतात.

सध्या रोलरवरच्या ब्रेक चाचणीसाठी मोठी जागा तयार करतोय. रिकाम्या ट्रेलरची चाकं रोलरवर लगेच जखडतात, त्यामुळे भरल्यावर ब्रेक किती जोर देतील ते कळत नाही. म्हणून ट्रेलरला खालून ओढून धरणारी, म्हणजे भाराचा भास निर्माण करणारी व्यवस्था त्यात बसवायची आहे. ती होईपर्यंत ट्रेलर तपासायला आणणाऱ्यांना एवढंच सांगणं: नेहमी ओढता त्याच गाडीला जोडून आणा, भरलेला आणा, आणि येताना वाटेत हब थंड करायला थांबू नका.