भंगारातले रंधे परत लाकडावर : आमची वाटचाल

धायरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे आणि काम एकच, जुने लोखंडी रंधे (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार) घ्यायचे, पूर्ण खोलायचे, गंज काढून तळ सपाट करायचा, पात्याला धार लावायची आणि लाकडावर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाला द्यायचे नाहीत. लोकांना वाटतं हा अँटिकचा धंदा आहे. शोकेससाठी रंधा हवा असेल तर आम्ही सरळ सांगतो की आमच्याकडचा घेऊ नका, ज्याला सुतारकाम करायचंय त्याच्यासाठीच आम्ही हे करतो.

वडिलांचं सागवानी दारं-खिडक्यांचं काम होतं. प्लायवूड, सनमायका आणि नंतर मॉड्युलर आलं, हातात इलेक्ट्रिक प्लेनर आला आणि रंधे माळ्यावर गेले. काम बंद केलं तेव्हा भंगारवाल्याने सगळं किलोवर मागितलं. मी तेव्हा भोसरीला एका टूलरूममध्ये फिटर होतो, म्हटलं थांबा, आधी बघू तरी. त्यातला एक रंधा कंपनीतल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट तपासणीच्या पाटावर ठेवला, फट मोजायची पातळ पट्टी म्हणजे फीलर गेज घातला, आणि एवढं वापरून झालेलं ते कास्टिंग किती कमी वाकलेलं होतं ते बघून मी खरंच थक्क झालो. पातं लावलं आणि सागावर चालवलं, लांबच्या लांब सालपट निघालं, वडील शेजारी उभे होते, ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातून रंधा घेतला आणि दुपारभर रंधत बसले. धंद्याची सुरुवात म्हणाल तर तीच.

आता माल कुठून येतो ते सांगतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, बंद पडलेली वर्कशॉप्स, आणि सुतारांच्या घरातून. मुंबईकडून चांगला माल येतो त्याचं कारण माझ्या मते रेल्वे, कारण आधी डब्यांचं बरंच काम लाकडी असायचं आणि माटुंग्याचं वर्कशॉप 1915 पासूनचं आहे, म्हणजे सुतार किती लागले असतील विचार करा. येणाऱ्यात जास्त करून अमेरिकेच्या स्टॅनली आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड या कंपन्यांचे. दोघांची रचना एकच, लेनर्ड बेली नावाच्या बोस्टनच्या माणसाची, त्याची पेटंट्स स्टॅनलीने 1869 मध्ये घेतली, आणि ते मागचं पितळी चाक फिरवून पातं खालीवर करायची पद्धत आजही तशीच्या तशी चालू आहे. दीडशे वर्षं झाली, सुधारायला फारसं काही उरलंच नाही. काही स्टॅनलीवर फ्रॉगच्या, म्हणजे पातं ज्यावर टेकतं त्या तुकड्याच्या मागे तीन पेटंट तारखा ओतलेल्या असतात, शेवटची 1910 ची. ते आले की आमच्याकडे सगळे काम सोडून बघायला जमतात.

गंज काढायला आम्ही ग्राइंडर किंवा वायर व्हील लावत नाही, त्याने कडा गोल होतात आणि अक्षरं जातात. टबमध्ये पाणी, त्यात धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर, मायनस रंध्याला आणि प्लस भंगार लोखंडी पत्र्याला. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो म्हणून हे काम बाहेर उघड्यावरच, ठिणगीपासून लांब. आणि कुणी घरी करणार असेल तर प्लसला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. रात्रभरात गंजाचा काळा गाळ होतो, ब्रशने धुतला की निघतो, मग लगेच पुसून, गरम हवा मारून तेल लावायचं. पावसाळ्यात तर तेवढ्या वेळातसुद्धा परत तांबूस छटा धरते.

तळाचं काम मात्र घाईचं नाही. ग्रॅनाइटवर सँडपेपर, तळावर मार्करच्या आडव्या रेघा, आणि घासताना पातं आत ओढून पण रंधा पूर्ण जोडलेला आणि वरची पकड घट्ट, कारण त्या ताणाने तळ किंचित हलतो, मोकळा घासला तर जोडल्यावर पुन्हा वाकडा. आरशासारखा करायची गरज नसते, पुढचं टोक, पात्याच्या तोंडाजवळची कड आणि मागचं टोक एका पातळीत आलं की बास.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो स्क्रूंनी. स्टॅनलीच्या मुठीच्या दांड्याला 12 नंबर, इंचाला 20 असे आटे असतात, आपल्याकडच्या कुठल्याच दुकानात त्याचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार मिळेना, शेवटी लेथवर बनवून घेतला आणि तेव्हापासून हरवलेले नट-स्क्रू आम्हीच करतो. मुठीचं वरचं शिंग तुटलेलं असतंच असतं, त्याला जुन्या पलंगाच्या पायातलं शिसव वापरतो, रेषा जुळवून. हे मिस्त्री काका करतात, वडिलांच्या वेळपासूनचे आहेत, जोड कुठे आहे ते बोट फिरवून सापडत नाही. पात्याचं सगळं बायको बघते. चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी सालपट मोडायची पट्टी, पात्याला बसवून ती उजेडासमोर धरते, केसाएवढी फट दिसली तरी परत घासायला घेते, कारण त्या फटीत सालपट अडकलं की रंधा तुंबतो आणि गिऱ्हाईक धारेला दोष देतं.

मधे एका कुरिअरने नंबर 7, 22 इंची जॉइंटर म्हणजे लांब रंधा, असा आपटला की बाजूची भिंत चिरली, बिडाचं लोखंड असंच असतं, वाकत नाही, तडकतं. पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून प्रत्येक रंधा पात्याशिवाय लाकडी पेटीत जातो, पातं वेगळं, आणि खर्च वाढला तरी त्यात तडजोड नाही.

2020 च्या लॉकडाऊननंतर आयटीवाली, आर्किटेक्ट, रिटायर्ड मंडळी घरी लाकूडकाम करायला लागली आणि धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. पण माझा जास्त जीव आहे तो कामावरच्या सुतारांवर, त्यांना आम्ही कमी भावात देतो, हप्त्यानेही देतो. एकदा लंडनच्या नॉरिस कंपनीचा रंधा आला होता, पोलादी अंग आणि आत लाकूड भरलेलं, मालकाला तो चकचकीत बफ करून हवा होता. मी नाही म्हटलं. शंभर वर्षांच्या हातांनी आलेला रंग एका तासात घालवायचा आणि वर पैसे घ्यायचे हे मला जमणार नाही. बरीच चर्चा झाली, मग नुसती साफसफाई आणि धार करून त्यांनी नेला, आता ते वापरतात.

घरात जुना रंधा असेल तर किलोवर देऊ नका. आधी तोंडाजवळ आणि दोन्ही बाजूंना चीर आहे का बघा, केरोसीनने पुसलं की स्पष्ट दिसते. चीर नसेल तर वरचा गंज कितीही असू दे, बहुतेक वेळा तो रंधा चालता होतो. वर्कशॉपवर घेऊन या, सोमवारी बंद असतं, बाकी कधीही.