पूल आमचा, तपासणी फाटकाची

सिडनीत आमच्या बिल्डिंगमध्ये १४ फ्लॅट आणि मागे एक छोटासा स्विमिंग पूल. मागच्या वर्षी मी स्ट्रॅटा कमिटीत गेलो. स्ट्रॅटा म्हणजे आपली सोसायटीच. मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर माझं नाव लिहून झालं होतं. पहिलंच काम गळ्यात पडलं ते पूलच्या तपासणीचं. न्यू साउथ वेल्स या आमच्या राज्यात १९९२ चा स्विमिंग पूल कायदा आहे. दोनपेक्षा जास्त घरांचा सामायिक पूल असेल तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, दर तीन वर्षांनी तपासायला येतं.

मी पुण्याचा. पूल म्हटलं की डोक्यात पाणीच. आदल्या दिवशी क्लोरीन मोजलं, जाळीनं पानं काढली, कडेच्या फरश्या घासल्या. इन्स्पेक्टर बाईंनी पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेप काढली ती थेट कुंपणाला लावली. उंची निदान १.२ मीटर हवी. दोन गजांमध्ये आणि खाली जमिनीशी १० सेंटिमीटरहून जास्त फट नको, नाहीतर लहान पोर आत सरकतं. इथवर पास.

मग फाटक. पूर्ण उघडून सोडलं, धाडकन लागलं. अर्धं उघडून सोडलं, लागलं. मग बाईंनी ते कडीला जेमतेम टेकवलं आणि अलगद हात काढला. तसंच राहिलं! दिसायला बंद, पण एका बोटानं ओढलं की उघडतंय. मी रोज त्यातून जातो, कधी लक्षातच आलं नव्हतं. कुठूनही सोडलं तरी आपलं आपण मिटून कडी बसली पाहिजे, असा नियम.

सीपीआरचा, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला छाती दाबून कसं वाचवायचं हे सांगणारा बोर्ड उन्हानं पांढरा पडलेला. तीन मीटरवरून वाचता यायला हवा, आम्हाला एकावरूनही येईना.

आणि शेवटी तुळस. कुंपणापासून ९० सेंटिमीटरच्या आत पाय देऊन चढता येईल असं काही ठेवायचं नाही. तिथे ऊन छान येतं म्हणून आमची सिमेंटची भक्कम कुंडी मीच कुंपणाला टेकवून ठेवलेली. बाई कुंडीकडे बघत होत्या, अख्खी कमिटी माझ्याकडे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "तुळशीला नोटीस?"

दुरुस्ती मात्र किरकोळ निघाली. बिजागरीच्या स्प्रिंगचा ताण स्क्रू ड्रायव्हरनं वाढवला, बोर्ड नवा आणला, कुंडी दोघांनी उचलून आमच्या बाल्कनीत आणली. दुसऱ्या फेरीत बाईंनी फाटक पुन्हा तसंच कडीला टेकवलं. खट्‌. सर्टिफिकेट मिळालं, तीन वर्षं चालेल.

आता फाटक इतक्या जोरात आपटतं की तळमजल्यावरच्या आजींची कमिटीकडे तक्रार आलीय. बाल्कनीत ऊन कमी, तुळस जरा पिवळी पडलीय.