सल्ले कुजबुजत, माहिती सिस्टरांकडे

तासगावजवळच्या आमच्या गावात पाळणा लांबवण्यावर सल्ले भरपूर, पण सगळे कुजबुजत. जाऊबाई म्हणाल्या, "तांबी छातीपर्यंत सरकते गं!" आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी ती, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, हातात देऊनच दाखवली. इवलीशी. ३८० ए प्रकारची १० वर्षं चालते म्हणे.

बाळ अंगावर पितंय, म्हणून मी छाया गोळी घेतली. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. हार्मोनची नाही, सरकारी दवाखान्यात फुकट. पाळी लांबू शकते हे सिस्टरांनी आधीच सांगितलं, नाहीतर माझी झोपच उडाली असती.

ह्यांनाही सोबत नेलं होतं. सगळा वेळ भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत उभे! निघताना मात्र निरोधची पाकिटं गुपचूप त्यांनीच खिशात घातली.