एकोणचाळीस डॉलर

सोमवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर मिलिंद हसेल, म्हणून सांगितलंच नाही. एकोणचाळीस डॉलर.

शुक्रवारी दुपारी चारला कॅल्क्युलस-२ रद्द केला. सात मुलं होती. तीन क्रेडिटचा वर्ग, म्हणजे एकवीस क्रेडिट. क्रेडिटला १९० डॉलरने फी झाली ३,९९०. खर्चाच्या बाजूला मानधन ४,२०० आणि त्यावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कॉलेजचा वाटा ७.६५ टक्के, मिळून ४,५२१. अशी ओळ शीटमध्ये आपोआप लाल होते. लाल झाली की मी डीनबाईंना कळवायचं, त्यांनी 'ओके' लिहायचं, मी बटण दाबायचं. नाव मात्र माझं. कॉफीच्या मशीनपाशी मी गेले की गणितवाल्यांच्या गप्पा थांबतात. जणू मी हौसेने वर्ग बंद करत हिंडते.

आज सकाळी काउंटरवर आठवा मुलगा आला. पार्किंगच्या पंधरा डॉलर दंडापायी त्याच्या नोंदणीवर होल्ड होता. पठ्ठ्याने शुक्रवारी रात्री दंड भरला, होल्ड उठला, आणि बघतो तर वर्गच नाही. तो बोलत होता आणि मी मनात गुणाकार करत होते. आठ मुलं, ४,५६०. खर्च वजा जाता एकोणचाळीस डॉलर वर. ओळ हिरवी.

दंडाची पावतीही दाखवली त्याने, फोनवर. वेळ ९:४०. मी उगाच दोनदा वाचली.

तो वर्ग घेणाऱ्या सरांना शुक्रवारी फोन केला तेव्हा म्हणाले, बरं झालं, बागेकडे बघायला वेळ मिळेल. दर उन्हाळ्यात हा वर्ग तेच घेतात. दर मुलामागे ठरलेल्या पैशांवर शिकवाल का, असं विचारता आलं असतं. आमच्याकडे तशी सोय आहे. मी विचारलं नाही. तिकडे दादा इतकी वर्षं तासिका तत्त्वावर, आणि बिल कधी निघेल ते... जाऊ दे.

त्या सातांतल्या एकीचा ईमेल पडलाय. तिचे सहा क्रेडिट होते, आता तीन राहिले. फेडरल कर्जाला निदान अर्धवेळ, म्हणजे सहा, लागतात. उन्हाळ्यातलं जादा पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना मिळणारं सरकारी अनुदान, २०१७ साली पुन्हा सुरू झालं, त्यालाही तीच अट. तिचं हे नुकसान माझ्या कुठल्या रकान्यात बसवू? माझ्याकडे 'शिकवण्याचा खर्च' आहे, 'न शिकवण्याचा खर्च' नाही. आणि ती ओळ लाल करायचा फॉर्म्युला कुणी लिहिला? मीच. मागच्या मार्चमध्ये. मीटिंगमध्ये टाळ्याही घेतल्या होत्या.

एकोणचाळीस डॉलर. भारतीय दुकानातली एका आठवड्याची भाजीसुद्धा येत नाही तेवढ्यात.

तरी शुक्रवारी चारला सात होते म्हणजे सातच होते. गेल्या उन्हाळ्यात एका वर्गासाठी शेवटपर्यंत थांबले, तर पहिल्याच दिवशी दोघं पूर्ण फी परत घेऊन गेले. तेव्हाही मलाच ऐकावं लागलं. एकूण काय, बोलणी ठरलेली. मग निदान हिशोब तरी धड असावा.

म्हणून दुपारी दुसऱ्या सत्राची होल्डवाली यादी काढली. चौदा नावं, बहुतेकांची थकबाकी किरकोळ. डबा बाजूला ठेवून एकेकाला फोन लावले. पाच जणांनी उचलला. एकाने विचारलं, तुम्ही वसुलीवाल्या का?

म्हटलं, तसंच समज, पण शुक्रवारी चारच्या आत भर.