तळ्यातील मोठे ब्लूगिलच का मेले?

गेल्या वर्षी २४ मे रोजी सकाळी आमच्या तळ्याच्या पूर्वेकडील काठाला साडेनऊ इंच लांबीचा एक ब्लूगिल मेलेला सापडला आणि त्यानंतरच्या साडेतीन आठवड्यांत मी तसे एकूण २३ मासे जाळीने पाण्याबाहेर काढले. त्यांतील सर्वांत लहान मासाही आठ इंचांहून मोठा होता. त्याच तळ्यातील लार्जमाउथ बास, कॅटफिश आणि बोटभर लांबीचे शेकडो ब्लूगिल मात्र धडधाकट होते. त्या दिवसांत मला सर्वांत अस्वस्थ केले ते या निवडीने: मृत्यू जणू मोजपट्टी घेऊन तळ्यात उतरला होता.

हे तळे अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मध्यभागी, आमच्या घरामागे आहे. त्याचा विस्तार सव्वा एकर असून सर्वांत खोल जागी अकरा फूट पाणी आहे. ब्लूगिल हा इलिनॉयचा राज्यमासा. ज्यांनी उजनीच्या पाण्यातली चिलापी पाहिली आहे, त्यांना त्याची ठेवण ओळखीची वाटेल: चपटे, उंच अंग, लहानसे तोंड, कल्ल्याच्या झाकणामागे काळा ठिपका आणि हनुवटीखाली निळसर झाक. हा मासा मुळात लहानच असतो. १९५० साली अलाबामात पकडलेला विक्रमी ब्लूगिल सव्वादोन किलोंच्याही आतला होता आणि आमच्याकडचा साडेनऊ इंची मासा साधारण तीनशे ग्रॅम भरतो. तो तेवढा होण्यास सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे २३ मासे ही संख्या दिसते तितकी लहान नाही.

माशांची मरतूक दिसली की पहिला संशय पाण्यातील प्राणवायूवर जातो, आणि ते योग्यच आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची असते. शिवाय अशा वेळी बहुधा मोठे मासे आधी दगावतात. त्यामुळे माझाही पहिला कयास तोच होता. शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याकडून मापकयंत्र मागून आणले आणि सलग सहा दिवस पहाटे पाच वाजता नावेतून मोजणी केली. पृष्ठभागाजवळ लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या खाली आकडा एकदाही गेला नाही. पाच मिलिग्रॅम असला तरी ब्लूगिलला पुरतो. जिवावर बेतते ते दोन-तीनच्या आसपास. शिवाय प्राणवायू खरोखर संपला असता, तर मोठे बासही पाण्यावर तरंगताना दिसले असते आणि सगळे एक-दोन रात्रींत आटोपले असते. रोज एक-दोन मासे, असे तीन आठवडे चालले नसते.

दुसरा संशय पलीकडच्या मक्याच्या शेतातील फवारणीचा होता. त्या काळात दोनदा जोराचा पाऊस झाला होता, पण मेलेल्या माशांची संख्या पावसानंतर वाढलेली नव्हती. विष पाण्यात उतरले असते, तर आधी पिल्ले आणि बेडूकमासे गेले असते. ते काठच्या गवतात खुशाल फिरत होते.

मग मी मेलेले मासे चिरून पाहू लागलो. हे काम सुखाचे नव्हते, पण खरा धागा तेथेच सापडला. मे महिन्याच्या अखेरीस मोठ्या मादीचे पोट गाबोळीने भरलेले असायला हवे, आणि मी तपासलेल्या चौदा माशांपैकी एकाच्याही पोटात गाबोळी नव्हती. ते सारे नर होते. छातीवर तांब्यासारखा तांबूस रंग चढलेला, आतडी जवळजवळ रिकामी, शेपटीची खालची कड झिजून फाटलेली, आणि काहींच्या कल्ल्यांवर पिवळसर, कुजल्यासारखे चट्टे.

पाणी वीस-एकवीस अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ब्लूगिलचे नर उथळ पाण्यात येतात आणि शेपटीने तळ झाडून परातीसारखे गोल खळगे करतात. एकाला लागून दुसरा, अशी ही घरट्यांची वस्ती असते. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतरचे सारे काम नराचे. तो अंड्यांवर शेपटीने पाणी खेळवत राहतो आणि कॅटफिशपासून गोगलगायींपर्यंत प्रत्येकाला हुसकावतो. हे सर्व करत असताना तो जवळपास काहीच खात नाही. पिल्ले पोहू लागेपर्यंत साधारण आठवडा जातो, आणि पुष्कळ नर एकाच उन्हाळ्यात हा क्रम पुन्हा पुन्हा करतात. घरटे झाडताना झिजलेली शेपटी, झुंजीत निघालेले खवले, उपाशी शरीर आणि दाटीवाटीची वस्ती हे सारे एकत्र आले की जिवाणूंना वाट मोकळी होते.

प्रयोगशाळेशी व्यवहार करताना माझी एक चूक झाली. मी पहिले तीन मासे गोठवून नेले आणि ते निरुपयोगी ठरले, कारण गोठवल्याने पेशी फुटतात आणि तपासणीत त्यांचे नीट काही दिसत नाही. तासन्‌तास पाण्यात पडून राहिलेला मासाही चालत नाही. कुजण्याचे जिवाणू मूळ रोग झाकून टाकतात. हवा असतो तो मरणपंथाला लागलेला, पण जिवंत मासा, पिशवीत घालून बर्फावर ठेवलेला आणि त्याच दिवशी पोहोचवलेला. दुसऱ्या खेपेस तसे दोन मासे नेले. त्यांच्या कल्ल्यांत कॉलम्नारिस या माशांच्या रोगाचा जिवाणू आणि जोडीला एरोमोनास हा दुसरा जिवाणू सापडला. हे दोन्ही तळ्यांच्या पाण्यात एरवीही असतात आणि खचलेल्या माशाला गाठतात. त्यामुळे अहवालात मृत्यूचे मूळ कारण ‘अनिश्चित’ असेच लिहिलेले होते, आणि तो शब्द प्रामाणिकपणाचा आहे असे मला वाटते.

माझे स्वतःचे अनुमान असे आहे की यात वयाचाही वाटा असावा. आमच्या आधीच्या मालकाने आठ वर्षांपूर्वी तळ्यात एकाच वेळी मासे सोडले होते. ती पहिली पिढी एकदमच म्हातारी झाली आणि अंड्यांची राखण तिला त्या वर्षी झेपली नाही.

या मृत्यूंचे मला इतके वाटण्यास आणखी एक कारण आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ओपिनिकॉन तलावात संशोधकांना असे दिसले की राखण करणारे नर सुमारे सात वर्षांचे झाल्यावर वयात येतात, तर काही नर दोनच वर्षांचे असताना दुसऱ्याच्या घरट्यात चोरून शिरतात आणि पुढे थोडे मोठे झाल्यावर मादीसारखे रूप-वागणे धारण करून तेच करतात. इलिनॉयमधील संशोधनातून याच्याशी जोडलेली गोष्ट पुढे आली: मोठे नर आसपास असले की लहान नर वयात येणे लांबवतात आणि आपली शक्ती वाढीवर खर्च करतात. मोठे नर नाहीसे झाले की ते लहानपणीच प्रजननाला लागतात आणि त्यांची वाढ खुंटते. म्हणजे २३ नर गेल्याने पुढच्या काही वर्षांत तळे चार-पाच इंची माशांनी भरून जाण्याची भीती होती. पुष्कळ तळेमालक घरट्यांवरचे मोठे ब्लूगिल सहज गळाला लागतात म्हणून टोपल्या भरून नेतात आणि नंतर मासे लहान का झाले म्हणून नवे मासे विकत आणतात. हे मला पाहवत नाही.

यंदा मी मेच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत घरट्यांजवळ गळ टाकणे पूर्ण बंद ठेवले आहे, पाहुण्यांनाही तेच सांगितले आहे. एप्रिलमध्ये माशांचे खाद्य वाढवले, म्हणजे नर घरट्यावर बसण्यापूर्वी अंगाने भरलेले असतील. वनस्पतिनाशक एका वेळी तळ्याच्या एक-तृतीयांश भागातच वापरले, कारण मेलेली वनस्पती कुजताना प्राणवायू खाते आणि आधीच खचलेल्या माशाला तेवढे निमित्त पुरते. पश्चिमेच्या उथळ भागात सोळा घरटी मोजली, गेल्या वर्षी ती अकरा होती. १५ जूनपर्यंत सात मोठे मासे मेले, सातही नर. यात उपायांचा हात किती आणि म्हाताऱ्या पिढीचे मासेच कमी उरल्याचा किती, हे एका हंगामावरून सांगता येत नाही. सातही माशांच्या कानांतील खडे काढून तारीख लिहिलेल्या पाकिटांत ठेवले आहेत. झाडाच्या खोडासारखी त्यांवरही वर्षांची वलये असतात, आणि तळे गोठल्यावर भिंगाखाली ती मोजून मी त्यांची वये लिहून काढणार आहे.