बाईंचा 'ह' कुठं गेला

मी अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. आलेल्या ऑडिशन्स ऐकून त्यातल्या टेक्निकली चालण्यासारख्या फाइल्स बाजूला काढायचं कामही माझ्याच गळ्यात असतं, कारण ते करायला दुसरं कुणी तयार नसतं. आधी आर्टिस्ट स्टुडिओत येऊन आवाज देऊन जायचे, 2020 च्या लॉकडाउनपासून सगळं घरून यायला लागलं आणि तेव्हापासून मी लोकांची घरं कानाने ओळखायला शिकलो. कोणाचा फॅन तीनवर आहे, कोणाच्या खिडकीत कबुतरं आहेत, कोण बाथरूममधे रेकॉर्ड करून 'स्टुडिओ क्वालिटी' म्हणून पाठवतंय, सगळं कळतं.

तर हा किस्सा इचलकरंजीचा. माझी सासरवाडी जयसिंगपूर, तिथून इचलकरंजी काही लांब नाही. मेव्हण्याच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत, मी त्यांना बाईच म्हणतो, त्यांना ऑडिओबुकचं भयंकर वेड. 2017 मधे स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अॅप भारतात मराठी घेऊन आलं तेव्हापासून त्या ऐकतायत आणि मग आपणही वाचावं असं डोक्यात बसलं. वर्षभर वेगवेगळ्या ठिकाणी ऑडिशन पाठवत होत्या आणि सगळीकडून नकार. बरं नकार नुसता नकार असेल तर माणूस सोडून देतो, पण एका ठिकाणाहून उत्तर आलं होतं की "आवाज चांगला आहे, पण उच्चार ढिसाळ आणि ग्रामीण वाटतात, प्रमाण भाषेवर काम करावं". बावीस-तेवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईंना हे. त्यांनी ते मला फॉरवर्ड केलं, खाली स्वतःचं काही लिहिलं नव्हतं, फक्त फाइल जोडली होती.

मी ती फाइल हेडफोनवर लावली. पहिलंच वाक्य होतं "पहाट झाली होती". मला ऐकू आलं "पाट झाली ओती". पुढे "आहे"चं "आए", "राहिला"चं "राइला". खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की कोल्हापूरकडचं बोलणं आहे, असेल. पण मग दोन वाक्यांच्या मधली जागा ऐकली आणि सरळ बसलो. तिथं काहीच नव्हतं. म्हणजे शांतता नाही, काहीच नाही, स्क्रीनवर आवाजाची जी नागमोडी रेघ दिसते तीच एकदम सरळ. कुठल्याही खऱ्या खोलीत अशी शांतता नसते, आमच्या लाखो रुपये घालून बांधलेल्या बूथमधेही थोडासा हवेचा आवाज असतोच, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. इथं रूम टोन कोणीतरी मारून टाकला होता आणि त्याच्याबरोबर ह पण गेला होता. कारण ह म्हणजे काय, नुसता श्वास. मशीनला श्वास आणि फॅनचा वारा यातला फरक कळत नाही.

फोन केला तर पलीकडून बाई एकदम स्पष्ट "हो हो, बोला ना" म्हणाल्या. ह जागेवर होता.

नेमकी त्याच आठवड्यात मेव्हण्याकडे वास्तुशांत होती, म्हणून सकाळी पूजा उरकून मी इचलकरंजी गाठली. बाईंना त्याच संध्याकाळी सहापर्यंत एक नवीन ऑडिशन द्यायची होती. दोन मिनिटांचा उतारा, 48 किलोहर्ट्झ 24 बिट मोनो वेव्ह (म्हणजे न चेपलेली फाइल), कसलंही प्रोसेसिंग नको आणि शेवटी पाच सेकंद रूम टोन. म्हणजे ज्याने आजवर त्यांचा घात केला होता तेच करायला इथं बंदी.

घर जुनं, मागच्या बाजूला नवीन स्लॅबचं बांधकाम. सरांनी, म्हणजे बाईंच्या मिस्टरांनी, वरच्या 10 बाय 10 च्या खोलीत बायकोसाठी स्टुडिओ केलेला, चारी भिंतींना एक इंची काळा फोम, टेबल, लॅपटॉप, यूएसबी कंडेन्सर माईक, लाल दिवा सुद्धा. माणूस फार हौशी. दार लावलं आणि मला ठक-ठक-ठक-ठक ऐकू यायला लागलं. पलीकडच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे माग! 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि आज कुठल्याही गल्लीत उभं राहा, कुठून ना कुठून ठोका ऐकू येतोच. धोटा या टोकाचा त्या टोकाला फेकला जातो, प्रत्येक फेकीला एक ठोका, मिनिटाला शंभराच्या वर, आणि शेजारी असे बरेच माग. इथल्या लोकांना तो ऐकूच येत नाही, आपल्याला मुंबईत लोकल ऐकू येत नाही तसंच.

सरांना मी टेबलावर हात सपाट ठेवायला सांगितला. त्यांनी ठेवला, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला लावला, मग खाली वाकून फरशीला. ठोका बोटांना लागत होता. हवेतून येणारा वेगळा आणि हा भिंत-फरशी-टेबल-स्टँड करत करत थेट माईकच्या दांड्यात चढणारा वेगळा, आणि याच्यापुढे फोम काही करू शकत नाही. फोम आवाज अडवत नाही हो, खोलीतल्या खोलीत फिरणारा आवाज थोडा शोषतो, तोही एक इंची असला की फक्त वरचा, स-श चा. खालची घुमघुम तशीच राहते, आणि 10 बाय 10 म्हणजे दोन्हीकडे सारखी लांबी, 56-57 हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या सुराला, दोन्ही बाजूंनी एकदमच घुमणार. आवाज अडवायला वजन लागतं, जाडी लागते. हे मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं पण पंधरा-वीस हजारांचा फोम होता, सरांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

मग त्या ह चा तपास. बाई रेकॉर्ड करायच्या, मागाचे ठोके यायचे, म्हणून सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन लावायच्या. हे कसं चालतं तर आधी नुसत्या नको असलेल्या आवाजाचा नमुना द्यायचा आणि मग त्याच्यासारखं जे दिसेल ते सॉफ्टवेअर कापत जातं. फॅनची घरघर सलग असते, ती जाते बऱ्यापैकी. मागाचा ठोका सलग नसतो, तो तुटक, त्यामुळे तो काही नीट जाईना आणि बाई स्लायडर वाढवत वाढवत शेवटाला नेऊन ठेवायच्या. ठोके गेले, ह गेला, वाक्याच्या शेवटी उतरणारा आवाज गेला. आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं, विंडोजच्या साउंड सेटिंगमधे आत कुठेतरी माईकचं ऑडिओ एन्हान्समेंट चालू होतं, म्हणजे फाइल रेकॉर्ड होतानाच एकदा चाळून येत होती. मी ते बंद केलं, बाईंना तेच वाक्य परत म्हणायला लावलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला दिला. मागे माग धडधडतायत पण पुढे "पहाट झाली होती". त्यांनी ते परत लावलं. मग परत. मग सरांना म्हणाल्या, "ऐकलंत का, मी नीटच म्हणत होते."

आता प्रश्न होता की रेकॉर्ड करायचं कुठं. मी घरभर टाळ्या वाजवत फिरलो, टाळी वाजवली की खोली काय परत देते ते कळतं. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, झणझणीत घुमली, स्वयंपाकघरात भांडी बोलली. बाईंच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, वय असेल पंचाहत्तरच्या पुढे, दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या "पावनं, आरतीला अजून येळ हाय." पण त्यांच्याच माजघरात टाळी वाजवली आणि ती तिथल्या तिथं विझली. खिडकी नाही, पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, एका बाजूला कडीपाटापर्यंत रचलेल्या गाद्या, वाकळा, उशा, दुसरीकडे ज्वारीची पोती. मागाचा आवाज होता, पण लांब कुठेतरी. मातीच्या भिंतीत वजन, गाद्यांमधे जाडी, जे विकत घ्यायला स्टुडिओवाले पैसे मोजतात ते सगळं आजींनी नुसतं रचून ठेवलेलं.

जमीन मात्र इथंही किंचित थरथरत होती, स्टँड ठेवला की हेडफोनमधे खालचा धप-धप येत होता. वर बघितलं तर तुळईला पाळण्याची कडी. आजींच्या शिलाई मशीनच्या डब्यात परकराचं इलॅस्टिक सापडलं, रुंद पट्टीचं, त्याचे चार पदर करून माईक कडीला टांगला आणि केबलही सैल सोडली, नाहीतर ठोका केबलीवरून उतरतो. टांगल्यावर एकदा बोटाने टिचकी मारून बघितलं, माईक डुलला, पण खालचा धप-धप गेला होता.

मग अंतर. बाई दीड फुटावरून वाचायच्या, कुणीतरी सांगितलं होतं की कंडेन्सर सेन्सिटिव्ह असतो, लांब राहा. लांब राहिलं की आपला आवाज घटतो आणि खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो, मग गेन, म्हणजे माईकची पातळी, वाढवायचा आणि गेनबरोबर मागही वाढणार. दीड फुटावरून सहा इंचांवर आलं की बोलणाऱ्याचा आवाज साडेनऊ डीबीने वाढतो, फुकटात, एक रुपयाचं काही न घेता. जवळ आल्यावर फ, भ ला फुंकर बसायला लागली, उताऱ्यात "भल्या पहाटे फाटकाशी" असं काहीतरी होतं, प्रत्येक शब्दाला धप्प. माईक तोंडासमोरून सरकवून ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत घेतला, म्हणजे वारा बाजूने निघून जातो आणि आवाज मिळतो. बाईंच्या मागे एक गादी उभी केली, समोर गाद्यांची रास होतीच. कागद हातात नको, सरसरतो, म्हणून उतारा मोबाईलवर, फ्लाइट मोड टाकून.

फ्रिज बंद केला आणि सरांच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमधे ठेवली. आजींनी विचारलं, "किल्लीला काय गरम होतंय व्हय?" ही आमच्या लाइनमधली जुनी युक्ती आहे, किल्ली आत असली की घराबाहेर पडताना फ्रिज चालू करायचा राहत नाही. सगळं शांत झाल्यावर मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं, ते काढून सोप्यात उशीखाली.

पहिला टेक फार सुंदर चालला होता. दीड मिनिट झालं असेल, बाई अशा काही रंगल्या होत्या की मी मीटर बघायचं सोडून ऐकत बसलो, आणि तुळईवर पाल चुकचुकली. तेवढ्यावर मी तो क्षण कापून काढलाही असता, पण दारामागे बसलेल्या आजींनी लगेच जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. ती फाइल मी अजून ठेवली आहे. सहा इंचांवर बाई आणि मागे दहा फुटांवर आजी, दोघीही एकदम स्वच्छ.

पुढचा टेक झाला. पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे सहाच्या आसपास आणि नॉइज फ्लोअर, म्हणजे कोणी बोलत नसताना उरणारा आवाज, उणे 61 डीबी, उणे आकडा जितका मोठा तितकी शांतता. ऑडिओबुकवाले साधारण उणे 60 च्या खाली मागतात, म्हणजे काठावर पास. वरच्या फोमच्या खोलीत तोच माईक, तोच लॅपटॉप, एन्हान्समेंट बंद करून उणे 42 दाखवत होता. फाइलला हात लावला नाही, फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा फाजील भाग कापला. बाई नेहमीप्रमाणे व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं, तिथं साध्या ऑडिओसारखं पाठवलं की चेपून जातं. मेलला जोडून पाठवली, सहाला पंधरा मिनिटं कमी असताना. मग आजींनी चहा आणला, दूध फ्रिजमधून काढायला गेल्या तर किल्ली सापडली.

ते काम बाईंना मिळालं नाही. निवेदक पुरुष आहे म्हणून शेवटी पुरुष आवाज घ्यायचा ठरला असं उत्तर आलं, उच्चारांबद्दल अवाक्षर नव्हतं. पण त्याच कोऑर्डिनेटरने पुढे लहान मुलांच्या गोष्टींसाठी फोन केला आणि यावेळी ऑडिशन मागितलीच नाही, जुनी फाइल पुरे म्हणाला. सध्या त्या गोष्टींचं रेकॉर्डिंग माजघरातच चालू आहे, दुपारी आजी झोपून उठल्यावर. सरांनी वरच्या खोलीतला फोम अजून काढलेला नाही, तिथं ते ट्यूशन घेतात आणि मुलांचा गोंगाट कमी वाटतो म्हणतात, असेलही.

आता नवीन अडचण अशी की बाईंच्या नणंदेला मुलगी झाली, बारसं याच घरी आहे आणि पाळण्याची कडी मोकळी करून द्या असं आजींनी बजावलंय. दुसरी तुळई देवघराच्या वर येते, तिथं काही टांगू देणार नाहीत. म्हणून मी सरांना सांगितलं की पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणा, अर्धीच हवा भरा, वर एक जाड फळी टाका आणि स्टँड त्याच्यावर उभा करा, जमिनीचा ठोका त्या हवेत जिरायला पाहिजे. काल फोटो आलाय, ट्यूब ट्रकची नाही, ट्रॅक्टरची आणलीय, निम्मं माजघर तिनेच व्यापलंय.